सोलापुरातून मान्सूनच्या समुद्राकडे : या विषयात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरात भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्राचा अभ्यास हा किनारपट्टीवरच्या लोकांचा विषय वाटतो, आणि माझ्या पदवीच्या काळातही हाच समज सर्वत्र होता. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्याचा पाऊस समजून घ्यायचा असेल तर एक नव्हे, दोन समुद्रांकडे पाहावे लागते. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतील बराचसा ओलावा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच रिता होतो, त्यामुळे आपल्याकडे जून-जुलैपेक्षा सप्टेंबरच्या पावसाचे मोल अधिक असते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी ज्या ओलीवर उभी राहते, ती देणारा परतीच्या सुमाराचा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांशी जोडलेला असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेली अशीच एक प्रणाली तेलंगण ओलांडून थेट आपल्या भागापर्यंत आली होती.

नवागताने सुरुवात कोठून करावी, असे मला विचारले तर मी या दोन समुद्रांच्या तुलनेपासून करावी असे सांगेन. एप्रिल-मेमध्ये दोन्हींचे पाणी तापलेले असते. मान्सून येताच सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेगाने वाहणारा वारा अरबी समुद्र ढवळतो, खालचे थंड पाणी वर येते, बाष्पीभवन वाढते आणि पृष्ठभागाचे तापमान लक्षणीय उतरते. बंगालच्या उपसागरात मात्र गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि स्वतः पाऊस इतके गोडे पाणी ओततात की वरचा कमी क्षारतेचा हलका थर खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे हा पातळ थर ऊन पडताच पुन्हा तापतो आणि संपूर्ण हंगामात तापमान बहुतांशी २८ अंश सेल्सिअसच्या वर राहते. या आकड्याला महत्त्व आहे, कारण मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की साधारण २८ अंशांखाली समुद्रावर उंच ढगांची व्यापक वाढ क्वचितच होते. मात्र त्याहून अधिक तापमान असले म्हणजे ढग येतीलच, असेही नाही. ती अट आवश्यक आहे, पुरेशी नाही.

संगणकीय प्रारूपांकडे वळण्यापूर्वी एक हिशेब कागदावर करावा, असा माझा आग्रह आहे. समुद्राच्या पृष्ठभागाला चौरस मीटरमागे निव्वळ १०० वॅट उष्णता मिळत असेल, तर २० मीटर जाडीचा मिश्र थर, म्हणजे वाऱ्याने घुसळून एकसारख्या तापमानाचा झालेला वरचा थर, दिवसाला सुमारे ०.१ अंशाने तापतो, आणि ५० मीटरचा थर जेमतेम ०.०४ अंशाने. पावसाच्या एका खंडात, आठ-दहा दिवस ऊन लागल्यावर उपसागर एका अंशाच्या आसपास का तापू शकतो, हे या दोन ओळींतून उलगडते. नंतर ढग आले की सूर्यप्रकाश अडतो, वारा वाढतो, बाष्पीभवनाने उष्णता निघून जाते आणि पाणी पुन्हा निवते. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे सरकणाऱ्या, साधारण ३० ते ५० दिवसांच्या आवर्तनात ही देवाणघेवाण पुनःपुन्हा दिसते.

याच ठिकाणी नवे विद्यार्थी हमखास अडखळतात. तापमान आणि पाऊस यांचा एकाच दिवसाचा सहसंबंध काढला तर तो क्षीण, कधी उलटाही येतो, आणि मग समुद्राचा काही परिणामच नाही असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः पाणी आधी तापते, पाऊस काही दिवसांनी येतो आणि आलेला पाऊसच पाणी थंड करतो. म्हणून दिवसांचे अंतर ठेवून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. समुद्राचे तापमान बाहेरून ठरवून दिलेल्या प्रारूपांत वातावरणाचा हा उलटा परिणाम हरवतो, आणि त्यामुळे समुद्र व वातावरण एकत्र सोडवणाऱ्या जोडप्रारूपांची गरज भासते.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. पदवीनंतर पुणे, कोची किंवा विशाखापट्टणम येथील विद्यापीठांत वातावरणशास्त्र वा समुद्रविज्ञान शिकता येते. गेट परीक्षेतील अभियांत्रिकी विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत वातावरण व महासागर विज्ञानाचा विभाग आहे, तर नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. संशोधनासाठी पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था (आयआयटीएम), गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचे समुद्राविषयीची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र इन्कॉइस आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ही प्रमुख ठिकाणे आहेत. लिनक्स आणि पायथन पदवीच्या काळातच शिकून घ्यावे. महागड्या शिकवणीपेक्षा विकलक समीकरणांचा (डिफरन्शियल इक्वेशन्स) पाया अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रकल्प म्हणून उपसागरातील १५ अंश उत्तर, ९० अंश पूर्व येथील रामा तरंगकाची, म्हणजे हिंदी महासागरात नांगरून ठेवलेल्या मोजमाप करणाऱ्या तरंगत्या उपकरणांच्या ‘रामा’ जाळ्यातील एकाची, नोंद घ्यावी. ती विनामूल्य मिळते. एका हंगामाचे तापमान, क्षारता, वारा आणि सूर्यप्रकाश एकाखाली एक आलेखात मांडावेत, सक्रिय (जोरदार पावसाचे) आणि खंडाचे दिवस त्यावर खुणावेत, आणि वरचा हिशेब त्या आकड्यांशी ताडून पाहावा. जिथे तो जुळत नाही, तिथे बहुधा प्रवाहांनी आणलेले किंवा खालून मिसळलेले पाणी असते, आणि तोच पुढच्या अभ्यासाचा प्रश्न ठरतो.