बांधकाम परवाना: अर्जापासून भोगवटा दाखल्यापर्यंत फाईल कशी सांभाळावी

कोल्हापुरात घर बांधायला काढलं की आधी गवंडी ठरतो, मग सळी-सिमेंटचे भाव काढले जातात. कागदांचं मात्र 'इंजिनिअर बघतील' म्हणून सोडून देतात. इंजिनिअर बघतातच, पण उद्या नोटीस आली तर ती मालकाच्या नावानं येते. म्हणून पहिल्याच दिवशी एक जाड वही घ्या. तारीख, काय दिलं, कुणाकडे दिलं, आवक क्रमांक आणि पुढची चौकशी कधी करायची, एवढंच त्यात लिहायचं. घर बांधून होईपर्यंत ही वही बंद करू नका.

सुरुवात जागेपासून करा. दारात केएमटीची (महापालिकेची) बस येते म्हणून जागा महापालिकेच्या हद्दीत आहे असं धरू नका. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ साली नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. अर्ज कुणाकडे करायचा हे हद्दीवर ठरतं. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेखकडून मिळणारा हद्दींचा नकाशा) आणि झोन दाखला (जागा रहिवासी पट्ट्यात आहे की शेतीच्या ते सांगणारा) गोळा करा.

पूररेषा तर जागा घेण्याआधीच बघा. २०१९ आणि २०२१ साली शाहूपुरी, नागाळा पार्क भागांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूरनकाशावरची निळी रेषा मोठ्या पुराची, तर लाल रेषा त्याहून मोठ्या पुराची हद्द दाखवते. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवीन घराला परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये मिळू शकते, पण जोता (पायावरचा, जमिनीच्या वर येणारा ओटा) लाल रेषेच्या पातळीहून वर घ्यावा लागतो. शेजाऱ्याचं घर उभं आहे, हा त्यावर पुरावा होत नाही.

लहान प्लॉटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची पद्धत बरीच सोपी आहे. पण दीड गुंठा म्हणजे जवळपास १५२ चौरस मीटर. 'दीड गुंठाच तर आहे' म्हणणाऱ्यांनी मोजणीचा आकडा आधी वाचावा.

अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो आणि त्रुटीही त्यांच्याच लॉगिनला येतात. माझी फाईल यातच अडकली. 'क' प्रत जुनी असल्याची त्रुटी निघाली होती, पण ती कुणी उघडूनच पाहिली नाही. मी मात्र अडीच महिने ऑफिसच्या नावानं चिडत राहिलो. तेव्हापासून दर सोमवारी स्क्रीनचा फोटो मागवायचा नेम ठेवला. वहीत तशी नोंदही आहे: 'त्रुटी क्र. २, जुनी मोजणी. नवीन मोजणीचा अर्ज आज भरला.' त्रुटीला उत्तर दिल्याची तारीखही अशीच लिहून ठेवा, कारण एमआरटीपी कायद्यात (राज्याच्या नगररचना कायद्यात) निर्णयासाठी ६० दिवस दिलेत आणि त्रुटी निघाली असेल तर ते तुमच्या उत्तरापासून मोजतात. उत्तराची पोहोच नसेल तर ६० दिवस मोजायचे कुठून?

परवाना हातात आला की त्यातल्या अटी वाचा. तो एक वर्ष चालतो. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. घरबांधणीचा खर्च ५० लाखांवर जात असेल (नोव्हेंबर २०२५ आधी ही मर्यादा १० लाख होती) तर एक टक्का कामगार उपकर भरावा लागतो. ती पावती फाईलला लावा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जोता तपासणीकडे, आणि माझ्या मते हाच टप्पा घर वाचवतो. जोत्यापर्यंत काम आलं की थांबा, इंजिनिअरना बोलवा आणि स्वतः टेप धरा. टेपचं एक टोक जोत्याच्या बाहेरच्या कडेला आणि दुसरं मोजणीच्या हद्दीच्या खुणेवर ठेवा. कुंपणावर ठेवू नका, कारण कुंपण हद्दीवरच असतं असं नाही. नकाशात बाजूचं अंतर दीड मीटर असेल आणि टेपवर एक मीटर तीस दिसत असेल, तर त्याच दिवशी काम थांबवा. जोत्याला झालेली चूक दोन दिवसांत दुरुस्त होते. स्लॅब पडल्यावर तीच चूक घराच्या गळ्यात पडते. तपासणी झाली की तिचा कागद मागून घ्या आणि मगच वर चढा.

मध्येच जिना फिरवला, गॅलरी आत घेतली, तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्या. काम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा दाखल्यासाठी, म्हणजे राहायला जाण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करा आणि तो मिळाल्यावरच राहायला जा. वास्तुशांतीचा मुहूर्त त्या हिशोबानं काढा.

कुठल्याही टप्प्यावर फाईल हलत नसेल तर टेबलाटेबलाला विचारत फिरू नका. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्या: एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'उशीर का झाला' असं विचारू नका. 'अर्ज क्रमांक अमुकवरील आजपर्यंतच्या सर्व टिप्पण्यांच्या प्रती द्याव्यात' एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील करा.

भोगवटा दाखला आला की त्याच्या दोन प्रती काढा आणि मंजूर नकाशा, जोत्याचा कागद, पावत्या व वही यांच्यासोबत एकाच पिशवीत ठेवा. पुढे वरचा मजला चढवायला काढाल तेव्हा इंजिनिअर पहिल्यांदा हीच पिशवी मागतील.