अमेरिकेत कॅल्क्युलसचा पहिला कोर्स निवडताना या चुका टाळा

बारावीनंतर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स किंवा इकॉनॉमिक्स शिकायला अमेरिकेला निघालेल्या मुलांना उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीकडून मॅथ प्लेसमेंट टेस्टची ईमेल येते. घरात तेव्हा व्हिसा, तिकिटं, बॅगा अशी सगळी धांदल चालू असते. जेईईची तयारी केलेल्या मुलाला ही टेस्ट हाताचा मळ वाटते आणि ती एखाद्या रात्री उरकली जाते. पण तिच्या गुणांवर पहिल्या सत्रातलं गणित ठरतं, गणितावर फिजिक्स अडलेलं असतं आणि या दोन्हींवर दुसऱ्या वर्षाचे विषय. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. चांगली तयारी असलेली मुलं इथे विनाकारण अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅल्क्युलसची उजळणी करून टेस्टला बसणं

इलिनॉय आणि पर्ड्यूसह अनेक युनिव्हर्सिट्या यासाठी अलेक्स ही ऑनलाइन टेस्ट वापरतात. प्रश्न जास्तीत जास्त ३०, गुण १०० पैकी, आणि तुमच्या उत्तरांवरून पुढचे प्रश्न ठरत जातात. अपूर्णांकांपासून सुरुवात होऊन बीजगणित, फंक्शन्स, घातांक, लॉगरिदम आणि ट्रिगनॉमेट्रीपर्यंत मजल जाते. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल त्यात नसतातच. तेव्हा इंटिग्रेशनची सूत्रं घोकू नका. नववी ते अकरावीचं बीजगणित आणि ट्रिगनॉमेट्री काढा.

बहुतेक उत्तरं स्वतः टाइप करायची असतात. सीईटीसारखे चार पर्याय समोर नसतात. हे उदाहरण पाहा: √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० मिळतं, म्हणजे क्ष = ९ किंवा २. घाईत दोन्ही उत्तरं लिहिली जातात. पण क्ष = २ घातल्यावर डावीकडे ३ येतात आणि उजवीकडे −३. खरं उत्तर फक्त ९. सीईटीत पर्याय घालून पाहताना ही चूक आपोआप सापडते. इथे ताळा तुम्हालाच करायचा आहे.

लॉगचंही तसंच. आपल्या बारावीच्या पुस्तकात लॉग क्ष म्हणजे पाया ई, आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह १/क्ष हे मुलं झोपेतही सांगतात. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या गणितात नुसतं लॉग लिहिलं की पाया १०. ई पाया असेल तर एलएन लिहितात. म्हणून तिथे लॉग १००० = ३. आपला कोसेक तिथे सीएससी होतो. शाब्दिक उदाहरणांत फूट, मैल, गॅलन येतात. नाण्यांच्या उदाहरणात निकेल म्हणजे ५ सेंट, डाइम म्हणजे १०, क्वार्टर म्हणजे २५, हे तुम्हाला माहीत आहे असंच धरलेलं असतं. एक संध्याकाळ यासाठी दिली तरी पुरे.

दादाला शेजारी बसवणं

काही ठिकाणी टेस्ट घरून, देखरेखीशिवाय देता येते. मग चुलतभाऊ शेजारी बसतो, फोनवरचं ॲप समीकरण सोडवून देतं, आणि गुण फुगतात. ही फसवणूक आहेच, शिवाय नुकसान तुमचंच आहे. सप्टेंबरमध्ये तुम्हाला ज्या वर्गात बसवलं जाईल, तिथे त्या फुगलेल्या गुणांएवढं बीजगणित येतं असं धरूनच प्राध्यापक फळ्यावर दोन पायऱ्या गाळतील. जे येत नाही तिथे तसं सांगणारं बटण दाबा. अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर आलं, तर पुढचे प्रश्न आणि गुण दोन्ही चुकीच्या दिशेला जातात.

बऱ्याच युनिव्हर्सिट्या ही टेस्ट एकाहून अधिक वेळा देऊ देतात. मधल्या काळात त्याच संकेतस्थळावर कच्च्या घटकांचा सरावही करून घेतात. म्हणून पहिला प्रयत्न मुदतीच्या बराच आधी करा. शेवटच्या दिवशी दिली की ही सोय हातची जाते.

नाव एक, कोर्स वेगळे

कॅल्क्युलस वन म्हटलं की सगळीकडे एकच कोर्स, असं नाही. पर्ड्यूत एमए १६१०० पाच क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजलं जाणारं कोर्सचं वजन) आहे आणि कॅल्क्युलस आधी न शिकलेल्यांसाठी आहे. एमए १६५०० चार क्रेडिटचा आहे आणि शाळेत कॅल्क्युलस झालेल्यांसाठी आहे. इलिनॉयमध्ये २२० आणि २२१ ही जोडी याच धर्तीची. ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीत ४०८सी भराभर जातो, तर ४०८के आणि ४०८एल तोच प्रवास सावकाश करतात. आपल्या बारावीच्या मुलांनी सहसा या जोड्यांतला कॅल्क्युलस झालेल्यांसाठीचा किंवा भराभर जाणारा कोर्स पाहावा, म्हणजे १६५००, २२१ किंवा ४०८सी.

बिझनेस किंवा अप्लाइड कॅल्क्युलसपासून मात्र सावध राहा. तो सोपा वाटतो, पण त्यात ट्रिगनॉमेट्री बहुधा नसते आणि इंजिनिअरिंगला तो सहसा धरत नाहीत. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायचा विचार मनात असेल, तर सायन्स-इंजिनिअरिंगचाच कोर्स घ्या.

‘कॅल्क्युलस टू माझं झालंय’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा समज हाच. महाराष्ट्र बोर्डात अकरावीला लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशनची सुरुवात होते. बारावीला डेरिव्हेटिव्हची उपयोजनं, इंडेफिनिट आणि डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन्स येतात. म्हणजे कॅल्क्युलस वन जवळजवळ पूर्ण झालं, आणि कॅल्क्युलस टूमधल्या इंटिग्रेशनच्या युक्त्याही हातात आहेत. पार्शियल फ्रॅक्शन्समध्ये आपली मुलं तिथल्या वर्गात पुढेच असतात.

पण कॅल्क्युलस टूचा दुसरा मोठा भाग अनंत श्रेढींचा असतो, आणि तो बोर्डात नाही. आपल्याला अनंत गुणोत्तर श्रेढीची बेरीज येते, तेवढीच. १ + १/२ + १/३ + … ही बेरीज हवी तेवढी वाढत जाते, आणि १ + १/४ + १/९ + … मात्र एका ठरावीक संख्येच्या पुढे जात नाही. असं का, हे ओळखायच्या कसोट्या, मग पॉवर सिरीज, मग टेलर सिरीज. हा भाग नवा आहे आणि तो सूत्र पाठ करून येत नाही.

हा भाग गाळून थेट कॅल्क्युलस थ्रीला, म्हणजे अनेक चलांच्या कॅल्क्युलसला, गेलेल्या मुलाला लगेच काही जाणवत नाही, कारण तिथले व्हेक्टर आणि त्रिमितीय भूमिती बारावीत झालेली असते. उणीव कळते ती पुढे, डिफरन्शियल इक्वेशन्स, न्यूमरिकल मेथड्स किंवा सिग्नल्सच्या वर्गात टेलर सिरीज गृहीत धरली जाते तेव्हा. म्हणून उडी मारायचीच असेल, तर जाण्याआधीच्या दोन महिन्यांत श्रेढींचा भाग मन लावून करा. बारावीतच बेत पक्का असेल, तर मे महिन्यातल्या एपी कॅल्क्युलस बीसी या शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या अमेरिकन परीक्षेचा विचार करा. श्रेढी तिच्या अभ्यासक्रमात आहेत आणि चांगल्या गुणांवर अनेक ठिकाणी क्रेडिट मिळतं.

उलट टोकालाही जाऊ नका. कॅल्क्युलस वन म्हणजे फुकटचा ए, असं समजून त्यात बसलेली मुलंही घसरतात. मिशिगनच्या मॅथ ११५ च्या जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर आहेत, त्या पाहा. आलेख दिलेला असतो, तक्ता दिलेला असतो, आणि डेरिव्हेटिव्हचा अर्थ त्या प्रसंगात काय होतो ते एककासह वाक्यात लिहायला सांगतात. बऱ्याच प्रश्नांत सूत्र नसतंच.

निवड करण्याची माझी रीत साधी आहे. ज्या युनिव्हर्सिटीत जाणार, तिथल्या कॅल्क्युलस वनची जुनी अंतिम प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून पूर्ण सोडवा. ऐंशी टक्के सहज जमली तर कॅल्क्युलस टू मागा. अडखळलात तर कॅल्क्युलस वन घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्लेसमेंट मिळालं म्हणजे क्रेडिट मिळालं असं समजणं

प्लेसमेंटमुळे फक्त वरच्या वर्गात बसायची परवानगी मिळते. खालच्या कोर्सचं क्रेडिट खात्यात जमा होईलच असं नाही, आणि बारावीच्या बोर्डाच्या गुणांवर ते सगळीकडे मिळत नाही. काही विभाग त्यासाठी स्वतःची परीक्षा घेतात. ॲडव्हायझरला, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या युनिव्हर्सिटीतल्या सल्लागाराला, ईमेलमध्ये स्पष्ट विचारा: कॅल्क्युलस वन वगळलं, तर माझ्या मेजरच्या गणिताच्या क्रेडिटची भरपाई कशाने होईल? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

कोर्स झेपत नाही असं दिसलं, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, बदलाची मुदत संपण्याआधी, खालच्या कोर्सला जा. मुदतीनंतर सोडलात तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू लागतो, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची नोंद. एफ-१ व्हिसावर असलेल्यांना बॅचलर्सला एका सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट लागतात. चार-पाच क्रेडिटचं गणित सोडलं की हा आकडा चटकन खाली येतो. त्यामुळे ड्रॉपचं बटण दाबण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन त्यांची परवानगी घ्या.