भाड्याच्या मिळकती आणि धंद्याचं कर्ज वेगळं ठेवा

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, राजारामपुरीत दोन फ्लॅट, लक्ष्मीपुरीत एक गाळा आणि सगळं एकाच नावावर. कोल्हापुरात हे चित्र घरोघरी दिसतं. धंदा प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीचा) असेल किंवा साधी भागीदारी असेल, तर धंद्याचं कर्ज थकल्यावर या मिळकतीही वसुलीत येऊ शकतात. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केल्यास जबाबदारी बहुतांशी त्या संस्थेपुरती राहते. पण बँक कर्ज देताना वैयक्तिक हमी (कर्ज थकल्यास स्वतःच्या मालमत्तेतून फेडण्याची) मागते, आणि त्या एका सहीने ही भिंत पडते. म्हणून हमीपत्र पूर्ण वाचा, रकमेची मर्यादा घालून घ्या, आणि फ्लॅट तारण देणं शक्यतो टाळाच.

निवासी घराचं किंवा फ्लॅटचं बक्षीसपत्र पती-पत्नी, मुलं किंवा नातवंडांच्या नावे केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, अधिभार वेगळा. दुकानगाळ्याला ही सवलत नाही. पत्नीच्या नावे बक्षीस दिलं तरी भाड्यावरचा आयकर तुमच्याच माथी राहतो, हे बरेच जण विसरतात. आणि हे सगळं धंदा सुरळीत असताना करा. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं.

भाडेकरार मात्र प्रत्येक मिळकतीचा वेगळा आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. भाडंही त्या त्या मालकाच्या खात्यातच जमा होऊ द्या.