नांदूर मध्यमेश्वरची अभ्याससहल: झाडं आणि पक्षी एकाच तक्त्यात

नांदूर मध्यमेश्वर हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागच्या पाण्याभोवतीचं पक्षी अभयारण्य. शाळेची सहल तिथे डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन पोहोचलेल्या बऱ्याच नर बदकांचा पिसारा अजून मादीसारखाच मळकट असतो, त्यामुळे नवख्या मुलांना सगळी बदकं सारखीच दिसतात. तारीख ठरवण्याआधी वनविभागाकडे प्रवेशाची वेळ आणि पाण्याची पातळी विचारून घ्या. गोदावरीचे डावा-उजवा कालवे याच बंधाऱ्यावरून निघतात, त्यामुळे आवर्तनाच्या, म्हणजे कालव्यांत पाणी सोडण्याच्या दिवसांत पातळी हलते. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि शेकाट्या, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी काठाशी येतात. चढलं की ते पांगतात.

नाशिकहून पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे उजाडता उजाडता चापडगावच्या बाजूला पोहोचाल. निफाडची थंडी ठाऊक आहेच. स्वेटर, कानटोपी हवीच, पण खाकी, मातकट किंवा गडद हिरवी. पांढरं नि लाल नको.

एका मोठ्यामागे सहा-सात मुलं आणि दोघांत एक दुर्बीण असावी. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते, त्याहून जास्त पट मोठं दाखवणारी दुर्बीण मुलांच्या हातात हलते. निघण्याआधी शाळेच्या मैदानावरच ती जुळवायला शिकवा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडा. भिंगावर वाफ धरली तर शर्टाने पुसू नका, चरे पडतात.

पोहोचल्यावर पाण्यावर दाट धुकं असेल तर पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर गर्दी करून उपयोग नाही. तो वेळ झाडांना द्या. काठापासून वरच्या कोरड्या जमिनीकडे २० मीटर दोरी ताणा आणि दर २ मीटरवर गाठ मारा. १ मीटरचे चार पीव्हीसी पाईप नि चार एल्बो जोडून चौकट करा. प्रत्येक गाठीशी चौकट ठेवून आत कोणती वनस्पती किती टक्के जमीन झाकते ते लिहा. वर बाभूळ नि बेशरम, खाली लव्हाळा, मग पाणकणीस, असे पट्टे कागदावर आपोआप उमटतात. पाण्यातली जलपर्णी आणि तळाचं हायड्रिला काठावरूनच नोंदवा. इथला गाळ वरून घट्ट दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो. दोन मीटर लांबीची काठी खुपसून पाहिल्याशिवाय कुणालाही पुढे सोडू नका.

अभयारण्यात एक पानही तोडायचं नाही. पट्टी शेजारी धरून फोटो काढा. जलपर्णीचा फुगीर देठ कापून आतल्या हवेच्या पोकळ्या दाखवायच्या असतील तर शहरातल्या गोदापात्रातलं एखादं रोप आधीच वर्गात आणा. काम झाल्यावर ते उन्हात पूर्ण वाळवूनच टाका, कारण एका तुकड्यातूनही ती पुन्हा वाढते.

धुकं विरलं की पक्षी. सूर्य पाठीशी घ्या. समोर असेल तर सगळेच काळे ठिपके. आमच्या मते इथे नावांची यादी लांबवण्याची शर्यत लावूच नये. तक्त्यात चार रकाने आखा: पक्षी, संख्या, कशावर किंवा कशात, काय करतोय. तिसऱ्या रकान्यामुळे सकाळचा वनस्पतींचा तक्ता कामाला येतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब लांब बोटांत धरते, चोचीने सोलते आणि आतला मऊ गाभा खाते. हे दुर्बिणीतून नीट दिसतं, तिथे दहा मिनिटं थांबा. कमळपक्षी तरंगत्या पानांवर, शेकाट्या घोट्याभर पाण्यात, वारकरी नि टिबुकली मोकळ्या पाण्यावर.

चुका ठरलेल्या होतात. वंचक हा छोटा बगळा बसलेला असताना तपकिरी, उडाला की पांढरा, म्हणून मुलं दोन पक्षी लिहितात. पांढरे बगळे चोच आणि पाय पाहूनच ओळखा: काळी चोच, काळे पाय आणि पिवळी बोटं असलेला लहान बगळा, पिवळ्या चोचीचा, आखूड मानेचा गायबगळा. मोठा थवा एकेक करून मोजू नका. आधी वीस पक्षी मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते पाहा आणि तेवढी जागा थव्यात किती वेळा बसते त्यावरून अंदाज काढा. थवा उडाला तर मोजणी सोडून द्या, पण वर पाहा. बऱ्याचदा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज मात्र वाजवू नका, ते बिथरतात.

बस सुटण्याआधी वीस मिनिटं राखून सगळ्या गटांचे तक्ते एकत्र करा. एकाच थव्याची नोंद दोन गटांनी केली असेल तर वेळ आणि दिशा जुळवून एकच आकडा ठेवा. हे दुसऱ्या दिवशी वर्गात कुणालाच आठवत नाही.