निओक्लासिकल खोली: खरेदीआधी भिंतीची मापं

निओक्लासिकल सजावट करायची म्हटली की पहिली खरेदी बहुतेकदा झुंबराची नाहीतर सोनेरी आरशाची होते. खोली भरजरी होते, पण जुळून येत नाही. कारण या शैलीचा सगळा डोलारा भिंतीच्या मापांवर उभा असतो, आणि भिंत मात्र कोरीच राहिलेली असते.

ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये सुरू झालं. प्राचीन रोमन घरांच्या भिंती, त्यांच्या चौकटी आणि रंग युरोपभर चर्चेत आले. तोवर चलती होती रोकोको शैलीची: शिंपले, वेलांट्या, मुद्दाम ठेवलेली विषमता. तिला कंटाळलेल्यांनी सरळ रेषा आणि दोन्ही बाजूंचा समतोल धरला, तीच निओक्लासिकल शैली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट अ‍ॅडमने सजवलेली ऑस्टर्ली पार्क ही हवेली आणि फ्रान्समधल्या व्हर्सायचा पेटी ट्रायनॉन हा छोटा महाल ही त्याची पाहण्याजोगी उदाहरणं. दुकानात ‘क्लासिक’ या एकाच नावाखाली दोन्ही शैली विकल्या जातात, म्हणून हा फरक ठाऊक हवा.

भिंतीची उभी विभागणी खांबावरून घेतलेली आहे. खाली बैठक, मध्ये दंड, वर तुळईचा पट्टा. घरातल्या भिंतीवर त्यांची जागा अनुक्रमे स्कर्टिंग (जमिनीलगतची पट्टी) पासून डेडो पट्टी (भिंतीवर आडवी जाणारी पट्टी) पर्यंतचा भाग, मोकळी भिंत आणि छतालगतची नक्षीदार पट्टी, म्हणजे कॉर्निस, घेतात. डेडो पट्टी भिंतीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर किंवा थोडी खाली येते. ती अर्ध्यावर लावली की भिंतीचे दोन सारखे तुकडे पडतात आणि छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. छत २६० सेमीपेक्षा खाली असेल तर डेडो सोडूनच द्या. स्कर्टिंगपासून कॉर्निसपर्यंत भिंतीवर पट्ट्या चिकटवून उंच चौकटी करा आणि कॉर्निस ७-८ सेमीची घ्या.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजा भिंत ४२० सेमी रुंद आणि २८० सेमी उंच आहे. स्कर्टिंग १४ सेमी, डेडोचा वरचा काठ ८५ सेमीवर, डेडो पट्टीची रुंदी ६ सेमी, कॉर्निस १२ सेमी. सगळीकडे मोकळं अंतर १० सेमी ठेवायचं. तीन चौकटींना चार अंतरं लागतात, म्हणजे ४० सेमी गेले, ३८० उरले. त्याचे तीन समान भाग करण्यापेक्षा ९०-२००-९० करा. मधली चौकट मोठी असली की कोच, कन्सोल (भिंतीलगतचं अरुंद टेबल) किंवा टीव्ही कुठे बसणार हे भिंतच सांगते. डेडोखालच्या चौकटी ४५ सेमी उंच येतील, वरच्या १६३.

पट्ट्या किती आणायच्या? सहा चौकटींची एकूण लांबी सुमारे २७.७ मीटर भरते. २.४ मीटरच्या पट्टीने भागलं तर १२ पुरतील असं वाटतं, पण लागतात १४. कारण चौकटीच्या एका बाजूला मध्येच जोड द्यायचा नसतो. २०० सेमीच्या चार तुकड्यांना चार पट्ट्या, १६३ च्या सहा तुकड्यांना सहा, आणि ९० चे आठ तुकडे दोन-दोन करून चार पट्ट्यांत. ४५ चे सहा तुकडे १६३ कापून उरलेल्या ७७ सेमीतून निघतात. चुकीच्या कापासाठी वर आणखी एक-दोन घ्या.

पट्टी निवडताना रुंदीपेक्षा तिचा उठाव बघा. भिंतीपासून ६-८ मिमीच वर येणारी चपटी पट्टी रंग लागल्यावर जवळजवळ दिसेनाशी होते, सावलीच पडत नाही. १५ मिमीच्या पुढे काम दिसू लागतं. पॉलियुरेथेन हलकं असतं आणि त्याचे काठ स्वच्छ राहतात. पॉलिस्टायरिन स्वस्त, पण सॉल्व्हंटवाला गोंद लागला तर विरघळतं आणि बोटाच्या दाबानेही खड्डा पडतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, ओल आली की फुगतं. भिंतीलाच ओल असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर कुठलीही पट्टी टिकणार नाही.

कापण्याआधी भिंतीवर पेन्सिलने चौकटी आखा आणि मास्किंग टेप लावून एक दिवस तशाच राहू द्या. स्विचबोर्ड, एसीची नळी, दार उघडल्यावर मागे जाणारा भाग हे सगळं तेव्हाच लक्षात येतं. रेष स्विचबोर्डावरून जात असेल तर चौकट सरकवा, आणि तिची जोडीदार चौकटही तेवढीच सरकवा. दार मध्यावर नसेल तर अख्खी भिंत एक मानण्याचा हट्ट धरू नका. दाराच्या मोठ्या बाजूला स्वतंत्र भिंत समजून तिथे चौकटी जुळवा; लहान बाजूला एक अरुंद चौकट पुरे, आणि ती बाजू ३० सेमीपेक्षा कमी असेल तर कोरी सोडा.

आडव्या रेषा पाणसळीने आखा, जमिनीपासून मोजून नव्हे. जमीन क्वचितच सपाट असते. उभ्या रेषेला ओळंबा. चौकटीचे कोपरे ४५ अंशांत कापले जातात, पण कॉर्निस खोलीच्या कोपऱ्यात बसवताना तो कोपरा खरोखर ९० अंशांचा आहे का हे गुण्याने तपासा. ९२ निघाला तर काप ४६ चा. कॉर्निस कापायच्या साच्यात उलटी धरावी लागते, आणि नवख्याची पहिली पट्टी इथेच वाया जाते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

पट्टीच्या पाठीला गोंद लावाच, शिवाय कापलेल्या दोन्ही तोंडांनाही लावा. हे टाळलं की काही महिन्यांत कोपऱ्यात केसासारखी भेग दिसते. फटी ॲक्रिलिक सीलंटने भरून ओल्या बोटाने पुसून घ्या. तिथे सिलिकॉन वापरलं तर त्यावर रंग धरत नाही.

रंगाच्या बाबतीत सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे भिंत आणि पट्टी एकाच रंगात: भिंत मॅट, पट्टी किंचित चमकदार. फरक हवाच असेल तर फिका निळा, राखाडी हिरवा किंवा दगडी रंग आणि त्यावर मोडका पांढरा (ऑफ-व्हाइट). वेजवुड या इंग्रजी कंपनीच्या जॅस्परवेअर भांड्यांवर फिक्या निळ्या पृष्ठभागावर पांढरी नक्षी असते, तिथला विरोध किती सौम्य आहे ते बघा. गडद भिंतीवर शुभ्र पट्ट्या लावल्या की डोळ्यांना आधी जाळीच दिसते.

फर्निचरचे पाय तपासा. सरळ, खाली निमुळते, उभ्या खाचा असलेले पाय या शैलीतले. इंग्रजी एस अक्षरासारखे वाकडे पाय रोकोकोचे. खुर्चीची पाठ अंडाकृती किंवा चौकोनी. सगळं जोडीने मांडा: दोन खुर्च्या, दोन दिवे, कोचाच्या दोन्ही बाजूंना सारखी टेबलं. कन्सोलवरचा आरसा कन्सोलपेक्षा अरुंद हवा, साधारण दोन तृतीयांश.

झुंबराच्या मापाला एक जुना ठोकताळा आहे: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मिळवा, तितके इंच व्यास. १६ बाय १३ ची खोली असेल तर २९ इंच, म्हणजे ७४ सेमीच्या आसपास. खालून माणूस जात असेल तर जमिनीपासून किमान २१० सेमी मोकळे ठेवा. जेवणाच्या टेबलावर ७५ ते ९० सेमी पुरतात. वजन स्लॅबमधल्या हुकावर यायला हवं, जिप्सम छतावर नाही. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे; त्याहून पांढऱ्या उजेडात मोडका पांढरा रंग मळकट दिसतो.

नक्षीचे दोनच प्रकार निवडा, उदाहरणार्थ ग्रीक की (काटकोनात वळणारी सलग रेघ) आणि लॉरेलच्या पानांची माळ, आणि तेच पडदा, आरसा, गालिच्यात फिरवा. सोनेरी रंग शेवटी ठेवा. तो आरशाची चौकट, दिव्याची दांडी, फार तर एखादी मूठ यांच्यापुरता पुरतो. भिंतीवरच्या पट्ट्यांना लावायचाच असेल तर फक्त आतल्या बारीक कडेला, तोही आधी एका चौकटीवर लावून रात्रीच्या दिव्यात बघून.