ऑस्ट्रेलियात मालिकेचा निर्माता व्हायचंय? कॉलशीटपासून सुरुवात करा

मेलबर्नमध्ये मालिकांच्या प्रॉडक्शन ऑफिसात मला बारा वर्षं झाली. परवा डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, तिकडे निर्माता व्हायला किती पैसे लागतात?"

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा प्रश्न. इथे निर्माता स्वतःचे पैसे क्वचितच घालतो. तो गोष्ट शोधतो, लेखकासोबत खर्डे घासतो, चॅनलला पटवतो, पैसे उभे करतो आणि शेवटची प्रत हातात पडेपर्यंत जबाबदारी त्याचीच असते. तेव्हा आधी शिकायची ती गोष्ट आणि वेळ.

ऑस्ट्रेलियातले जुने निर्माते हेक्टर क्रॉफर्ड यांचंच पाहा. १९४५ मध्ये बहीण डोरोथीबरोबर त्यांनी कंपनी काढली, ती रेडिओसाठी. ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ मध्ये, आणि त्यांची पोलिसी मालिका 'होमिसाइड' १९६४ मध्ये. तिचे ५१० भाग झाले. टीव्ही यायच्या आधीची इतकी वर्षं त्यांनी रेडिओवर नाट्य घडवण्यात घालवली होती. तुमच्या हातात आज एकांकिका असेल, पॉडकास्ट असेल, तर तो वेळ वाया जातोय असं समजू नका.

नोकरी पकडायची ती रनरची, म्हणजे शूटिंगवर पडेल ती धावपळ करणाऱ्याची. गाडी चालवता आलीच पाहिजे. पहाटे चारला कलाकाराला घेऊन लोकेशनवर पोहोचायचं असतं, तेव्हा ट्रेन नसते. रनरकडून प्रॉडक्शन ऑफिसात, तिथे को-ऑर्डिनेटर, मग लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा. दुसरी वाट स्क्रिप्ट विभागातून जाते. दोन्ही थोड्या थोड्या चालून पाहा, असं माझं ठाम मत आहे. एकच चाललेला निर्माता कुठेतरी लंगडतो.

आता खरं काम. स्क्रिप्टचं प्रत्येक पान आठ भागांत मोजतात. एखादा सीन '२ पानं ३/८' असतो, एखादा फक्त १/८. ढोबळमानाने एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट. पण १/८ मध्ये लेखकाने "ट्रक कालव्यात कोसळतो" असं एक वाक्य लिहिलं की अख्खा दिवस गेला. म्हणून प्रत्येक सीनमधून माणसं, वस्तू, वाहनं, प्राणी, मुलं, पाऊस, रात्र हे सगळं वेगळं काढून लिहायचं. याला ब्रेकडाउन म्हणतात. वेळापत्रक आणि बजेट दोन्ही यातूनच निघतात.

माझी एक चूक सांगते. दहा वर्षांच्या मुलाचा मुख्य सीन मी दिवसाच्या शेवटी लावला. दुपारी मेलबर्नचा पाऊस आला, आधीचा सीन लांबला. इथे मुलांच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. मुलाची देखभाल करणाऱ्या बाईंनी घड्याळ दाखवलं आणि आम्ही थांबलो. त्या एका सीनसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घर, तेच दिवे, तीच जेवणाची गाडी. तेव्हापासून मुलांचे सीन सकाळी पहिले, आणि कॉलशीटवर, म्हणजे उद्या कुणी कुठे किती वाजता यायचं ते सांगणाऱ्या कागदावर, त्यांची सुटायची वेळ ठळक. त्याच कागदावर सूर्यास्ताची वेळ आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ताही असतो. तो रोज रात्री स्वतः तपासा.

पैशाचं गणित असं. अटींत बसणाऱ्या मालिकेला ऑस्ट्रेलियात झालेल्या मान्य खर्चाच्या ३० टक्के रक्कम 'प्रोड्यूसर ऑफसेट' म्हणून सरकारकडून परत मिळते. जुलै २०२१ पूर्वी हा दर २० टक्के होता. पण ती मिळते काम पूर्ण झाल्यावर. शूटिंग चालू असताना पगार द्यायला तिच्या भरवशावर कर्ज काढावं लागतं आणि त्याचं व्याज बजेटमध्ये धरावं लागतं. नवखे नेमके इथे अडकतात. बाकी चॅनलचे पैसे, स्क्रीन ऑस्ट्रेलिया ही केंद्र सरकारची संस्था आणि राज्याच्या संस्थेचं साहाय्य. व्हिक्टोरियात ती व्हिकस्क्रीन. यांतल्या कुणाच्याही दारात जाण्याआधी लेखकाशी त्याच्या गोष्टीच्या हक्कांचा लेखी करार करा. मैत्री कितीही जुनी असो.

आदिवासी समाजाची गोष्ट असेल तर त्या समाजाची माणसं पहिल्या बैठकीपासून निर्णयात हवीत, नुसती सल्ल्यापुरती नकोत. २०१२ ची 'रेडफर्न नाऊ' ही मालिका पाहा. ती ब्लॅकफेला फिल्म्स या आदिवासी समाजातल्याच लोकांनी उभ्या केलेल्या कंपनीने केली, आणि ते प्रत्येक भागात जाणवतं.

नकार येतील. निर्मात्या पोझी ग्रेम-एव्हन्स यांच्या 'मॅक्लाउड्स डॉटर्स'चा टीव्हीपट १९९६ मध्ये आला, मालिका सुरू झाली २००१ मध्ये. 'नेबर्स' ही मालिका १९८५ मध्ये सेव्हन या चॅनलने सुरू केली आणि त्याच वर्षी सोडली. टेन या दुसऱ्या चॅनलने उचलली, पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली आणि मग दशकानुदशकं चालली. तेव्हा नकाराचं पत्र आलं तरी फाइल टाकून देऊ नका. हक्कांची मुदत संपत आली असेल तर वाढवून घ्या.

भाच्याला मी माझीच तीस पानांची एक जुनी स्क्रिप्ट पाठवली आणि ब्रेकडाउन करायला सांगितलं. काल आलं. छान केलंय, पण सीन चौदामधला कुत्रा राहिलाय. कुत्रा म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, सावली, पाणी, विश्रांतीच्या वेळा. परत पाठवलंय.