कपाटं गुण्यात बसली की

स्वयंपाकघरातली कपाटं स्वतः करायला घेतली तेव्हा माझं सगळं लक्ष दारांवर होतं, कारण दिसतात ती दारंच. पहिल्या खोक्याच्या फळ्या मापात कापल्या, सरस लावला, स्क्रू आवळले आणि पुढे गेले. दारं लावली तर मधली फट वर 2 मि.मी. आणि खाली 6! बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. दारं निर्दोष होती. खोकं गुण्यात नव्हतं, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नव्हते.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी आधी हेच सांगते: सरस ओला आहे तोवर कर्ण मोजा. टेप एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा कर्ण. 600 बाय 720 मि.मी.च्या खोक्याचे दोन्ही कर्ण साधारण 937 यायला हवेत. नेमका आकडा थोडा हलला तरी चालेल, दोन्ही सारखे हवेत. जो कर्ण लांब भरेल त्याच्या टोकांना तिरका क्लॅम्प लावून हळूहळू दाबायचं आणि पुन्हा मोजायचं. जुळले की मागची 6 मि.मी.ची पाठ ठोकून टाका. पाठ काटकोनात कापलेली असेल तर तीच खोकं धरून ठेवते.

प्लायवूड 18 मि.मी.चं घ्या, सिंकखाली मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारं. पण 18 म्हणून मिळालेलं बऱ्याचदा साडेसतराच भरतं, त्यामुळे कापण्याआधी जाडी स्वतः मोजा. 600 रुंदीच्या कपाटाची तळफळी, दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा करून, 18 धरून 564 येते, साडेसतरा धरून 565. करवतीचं पातं प्रत्येक कापाला सुमारे 3 मि.मी. खातं, तेही हिशोबात धरा. अख्खा ताव घरी कापायच्या फंदात पडू नका. मोठ्या पट्ट्या दुकानातूनच कापून आणा.

बिजागरीची गोल वाटी दारात रुतते, तिचं भोक 35 मि.मी.चं, खोली बारा-तेरा. म्हणजे दारात जेमतेम 5 मि.मी. लाकूड उरतं आणि ड्रिलबिटचं मधलं टोक पलीकडे डोकावू शकतं. बिटवर टेपची खूण करा, आधी टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून बघा.

बसवताना वरची कपाटं आधी. खाली काही नसलं की भिंतीला खेटून उभं राहता येतं. जमिनीचा सगळ्यात उंच बिंदू पाणसळीने शोधा आणि खालची रांग तिथून सुरू करा. कपाटाचे पाय वर उचलता येतात, जमीन खाली नेता येत नाही.

ड्रॉवर सगळ्यात शेवटी, आणि माप कागदावरचं नाही, तयार खोक्याचं. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या नेहमीच्या बॉल-बेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना सुमारे 12.7 मि.मी. जागा लागते, म्हणजे 564 च्या खणात ड्रॉवर बाहेरून साधारण 538. मिलिमीटरभर अरुंद झाला तर चॅनेलमागे पातळ पट्टी सरकवता येते. रुंद झाला तर तो उकलूनच काढावा लागतो.